रिकाम्या खुर्च्यांचे आबा

अख्ख्या खानदेशात आमच्या समोरच्या आबांइतके कलेवर कुणी उपकार केले नसतील, आणि कलेतलं त्यांच्याइतकं कमी कुणाला कळतही नसेल. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीत करते आहे. गाण्याचं म्हणाल, तर हार्मोनियम आणि एस.टी.चा भोंगा यांत त्यांना फरक वाटे तो फक्त आकाराचा. चित्राचं म्हणाल, तर चौकट भिंतीवर सरळ टांगलेली असली की चित्र चांगलं. आणि तरीही त्या ऐंशी-नव्वदच्या काळात जळगावच्या आमच्या कलाभवनात जो कुणी गायला, नाचला, बोलला किंवा नुसताच घसा खाकरून खाली उतरला, त्याला निदान एक ऐकणारा मिळाला, तो आबांमुळे.

हल्ली माझ्या नाती मला नाट्यगृहात न्यायला कुरकुरतात. "आजी, एका खुर्चीवर बस ना गं. मध्येच उठून पलीकडे काय जातेस?" म्हणतात. गुडघे आखडतात, असं मी सांगते. या वयात गुडघ्यांच्या नावावर काहीही खपतं. खरं कारण आबा आहेत.

आबा मूळ सावद्याचे, केळीचे बागायतदार. मुलाच्या कॉलेजसाठी त्यांनी जळगावात आमच्या समोर ऐसपैस घर बांधलं. मुलगा शिकला, बडोद्याला नोकरीला लागला आणि तिथलाच होऊन गेला. बायको त्याच्याही आधी गेलेली. बाग पुतण्यांनी करायला घेतलेली. उरलं ते घर, आणि घरात आबा. रोज सकाळी ते प्रत्येक खोलीत जाऊन थोडा थोडा वेळ बसून येत. मी एकदा विचारलं, "आबा, हे काय?" तर म्हणाले, "वापरली नही त खोली रुसते वं बाई." केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की कपडा फाटतो, पण काळा डाग हटत नाही. आबांच्या एकूण एक सदऱ्यांवर त्या डागांची अशी नक्षी होती की परगावच्या माणसाला ते छापील कापडच वाटावं. बिनडागाचा सदरा एकच. तो लग्नकार्याला जाण्याचा.

आणि मी? मी तेव्हा तिशीच्या अलीकडची, माहेर धुळ्याचं. गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, त्यामुळे आपल्या येण्यानं जळगावची पातळी जराशी वर आली आहे याबद्दल मनात शंका नव्हती. डोळ्यांना नंबर नसताना साध्या काचांचा चष्मा घालायची, हे आज नातींना सांगितलं तर त्या माझं औषध बदलायला लावतील. आमचे हे पाटबंधारे खात्यात, आठवड्यातले बहुतेक दिवस यावलकडे दौऱ्यावर. घरात मी, तंबोरा आणि स्टोव्ह. तिघांत बोलका म्हणाल तर स्टोव्ह. तंबोऱ्याच्या तारा मी जुळवायची, पुन्हा उतरवायची, पुन्हा जुळवायची. संध्याकाळ तेवढ्यानंही सरत नसे.

अशात आमच्या गल्लीमागच्या मैदानापलीकडे कलाभवन उभं राहिलं. एका अंगाला नाट्यगृह, दुसऱ्या अंगाला चित्रांचं दालन. कुण्या जुन्या सावकाराच्या वारसांनी माळ्यावरची तैलचित्रं दान केली होती आणि त्यांच्या शेजारी नव्या पद्धतीची काही चित्रं आणून लावली होती. पहिल्याच आठवड्यात आबा पेपर घेऊन आमच्या ओट्याशी आले.

"बाई, हे आवतन आलं पाहा. 'सर्व रसिकांनी अगत्य येण्याचे करावे.' हे रसिक म्हंजे कोन वं?"

"ज्यांना कलेची आवड असते ते, आबा. तुम्हीआम्हीच."

"म्हंजे मी बी?"

"हो तर. तुम्हीसुद्धा," मी चष्मा सारखा करत मोठ्या मनानं म्हटलं.

"मंग जावं लागीन," आबा गंभीर झाले. "अगत्य म्हनेल हाये."

झालं. माझ्या त्या एका उदार वाक्यानं पुढच्या कित्येक वर्षांच्या संध्याकाळी बांधून टाकल्या. सावद्याकडे आवतन ही चेष्टा नाही. लग्नाचं असो की मयताच्या गंधमुक्तीचं, बोलावणं आलं की घरातलं एक तरी माणूस गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर उद्या तुमच्या दारी कोण येणार? येण्याची फेड येण्यानंच होते. पेपरातलं 'सस्नेह निमंत्रण' हे छापखान्यात कायम जुळवून ठेवलेलं असतं, हे आबांच्या गावीही नव्हतं. आपलं नाव माहीत नसताना लोक एवढ्या अगत्यानं बोलावतात, याचंच त्यांना अप्रूप.

मग आबा प्रत्येक कार्याला जाऊ लागले. ते कार्यक्रमाला कार्यच म्हणत. कथ्थक असो, पोस्टाच्या तिकिटांचं प्रदर्शन असो, की डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद असो. त्या परिषदेत पडद्यावर मोतीबिंदूची चित्रं येत होती आणि आबा प्रत्येक चित्राला टाळी देत होते. शेवटी अध्यक्षांनी आभारात त्यांचा 'आमचे ज्येष्ठ सहकारी' असा उल्लेख केला. रिकाम्या हातानं ते कधी गेले नाहीत. मध्यंतर झालं की कार्यमालकाला आहेर करावा तसे सरळ मंचावर चढत. बाईमाणूस असेल तर नारळ आणि खण, पुरुष असेल तर नारळ, टॉवेल, टोपी. शिवाय केळीची एक फणी. पुण्याकडचे एक वयोवृद्ध गवई आले होते. आबांनी त्यांना टोपी दिली, ती त्यांनी तिथेच डोक्यावर चढवली आणि उरलेला ख्याल टोपी घालून गायले. मध्येच उठून जाणारांचा मात्र आबांना संताप. "पंगतीतून कोनी अर्ध्या जेवनातून उठते का? वाढनाऱ्यानं काय समजाव?"

रिकाम्या खुर्च्या दिसल्या की मात्र त्यांचा जीव कासावीस होई. आमच्याकडे सोमवारी भलंमोठं कलाभवन बांधतील, पण मंगळवारी त्यात जाऊन बसणार नाहीत. आबा आधी पहिल्या रांगेत बसत. दुसऱ्या गाण्याला डावीकडे. तिसऱ्याला टोपी काढून उजवीकडे. चौथ्याला उपरणं पांघरून पार मागे. "वरून पाहनाऱ्याले मांडव भरेल दिसला पाह्यजे," हे त्यांचं तत्त्व. टाळ्याही जागा बदलून.

दालनात जाण्याची त्यांची तऱ्हा तर आणखी निराळी. तिथे ते चित्रं पाहायला जातच नसत, भेटायला जात. प्रत्येक चित्रासमोर स्टुलावर बसायचं, टोपी मांडीवर घ्यायची, जरा वेळ थांबायचं, "येतो बरं" म्हणायचं आणि पुढच्याकडे सरकायचं. एकदा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. ज्ञान द्यायला. एका काळ्यापांढऱ्या नव्या चित्रापुढे उभी राहून मी म्हटलं, "आबा, यातली रेषा बोलते." हे वाक्य मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि वापरायला जागा शोधत होते. आबा खाली बसले. मी सगळं दालन फिरून परत आले, तरी बसलेलेच.

"काही बोलली नही वं बाई," ते हळूच म्हणाले. "नवीन मान्सासमोर लाजत असन."

मी हसू दाबत विचारलं, "आबा, खरं सांगा, तुम्हाला या चित्रांत दिसतं तरी काय?"

"मले काय दिसनार? म्या केळी पाहेल." त्यांनी सावकाराच्या घराण्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या चित्राकडे मान वळवली. डोक्यावर पदर घेऊन ती कधीची दाराकडे पाहत होती. "पन त्यायले कोनी दिसलं पाह्यजे ना. दिवसभर भिताडाले पाठ लावून वाट पाहतेत बिचारे."

एकदा पेपरात धुळ्याच्या चित्रप्रदर्शनाचं आवतन आलं, तर हा गृहस्थ फणी घेऊन एस.टी.नं धुळ्याला. गाडी वाटेत बंद पडली, प्रदर्शन मिटायला आलं होतं, तरी पहारेकऱ्याला गळ घालून सगळ्या चित्रांना भेटले आणि येताना माझ्या माहेरी पाणी प्यायला थांबले. पुढच्या भेटीत माझी आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "तुमना आबा मोठा मजाना मानूस शे वं. मन्हा घरमा आना आनि भिंतवरना बठ्ठा फोटोसले नमस्कार करी गया!"

आता माझ्या कार्यक्रमाचं सांगते. कलाभवनानं 'स्थानिक कलावंतांना संधी' द्यायचं ठरवलं आणि पहिली संधी माझ्या अंगावर आली. मी पंधरवडाभर आधीपासून थंड पाणी सोडलं. गल्लीत सगळ्यांना अशा बेतानं सांगितलं की मी सांगते आहे असं वाटू नये. ह्यांनी यावलहून निरोप पाठवला, कालव्याला भगदाड पडलंय. आईनं धुळ्याहून कळवलं, तुझी भावजय बाळंत व्हायची आहे. कार्यक्रमाच्या संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेटचा सामना लागला. पण रंगमंचावरचे दिवे इतके प्रखर की मला समोर काळोखापलीकडे काहीच दिसेना. पहिलं भावगीत संपलं आणि डावीकडून टाळी आली. दुसऱ्याला उजवीकडून. तिसऱ्याला थेट मागून, आणि चौथ्याला तर वरच्या गॅलरीतून! गॅलरीसुद्धा भरली, या विचारानं माझा ऊर असा भरून आला की पाचव्या गाण्याचा अंतरा मी दोनदा घेतला. शेवटी उठून चारी दिशांना नमस्कार केले. गॅलरीला तर खास वेगळा, जरा मान तिरकी करून.

मग सभागृहाचे दिवे लागले.

पहिल्या रांगेत कलाभवनाचे चष्मेवाले, नाकातून सारखं 'किंबहुना' म्हणणारे चिटणीस आणि तबलजीची बायको. बाकी सगळ्या हॉलभर आबा. म्हणजे एका खुर्चीवर त्यांची टोपी, एकीवर उपरणं, एकीच्या पाठीला छत्री, एकीवर आहेराची पिशवी, आणि स्वतः आबा गॅलरीच्या जिन्यात कठडा धरून धापा टाकत उभे. मला पाहून त्यांनी हात वर केला. "मांडव भरेल होता, बाई!"

मी खण-नारळ घेतला, घरी आले आणि तंबोऱ्याला गवसणी घालून रडले. आज आठवलं की हसू येतं. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी जिने चढला-उतरला आणि मी रडत होते ती गॅलरीला केलेला तिरका नमस्कार वाया गेला म्हणून!

दुसऱ्या दिवशी आबा भरिताची वांगी घेऊन आले. मी तोंड फुगवून बसलेली. ओट्यावर टेकून, मैदानाकडे पाहत, ते अगदी सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलले. मुलानं बडोद्याला मित्रमंडळींत लग्न उरकलं. आबांनी हौसेनं सावद्याला मांडव घातला, गावजेवण ठेवलं. पण भाऊबंद रुसले. आधी आम्हाला विचारलं नाही, आता जेवायला कसे बोलावता? पानं मांडली. पाणी वाढलं. कुणी आलं नाही.

"मी आन हिचा फोटो," आबा म्हणाले. "सूनबाईनं इचारलं, बाबूजी, लोग कब आयेंगे? मी म्हनलं, येतीन. तव्हापासून कोनाले आवतन देवाची हिंमत नही झाली. आपन लोकायचे फेडून ठेवतो. एक डाव आपल्या दारात पंगत बसली पाह्यजे, बाई. भरेल. मंग गेलो तरी चालीन."

माझा फुगा तिथेच फुटला. त्यानंतर मीही अधूनमधून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. ते डावीकडे बसले की मी उजवीकडे. दोघांनी मिळून कितीतरी लहान पोरींची अरंगेत्रं, म्हणजे नाचाचे पहिले जाहीर कार्यक्रम, भरगच्च केली.

दिवस गेले. आबांचे गुडघे बोलायला लागले, मुलानं जळगावचं घर विकायचं ठरवलं आणि संक्रांत झाली की आबांनी बडोद्याला जायचं पक्कं झालं. तेव्हा एका सकाळी ते बिनडागाचा सदरा घालून घराबाहेर पडले. आयुष्यात पुन्हा एकदा आवतन द्यायला. कलाभवनाचे चिटणीस, तबलजी, डोळ्यांचे डॉक्टर, नाचाच्या बाई, दालनाचा पहारेकरी, झाडून सगळ्यांच्या दारी गेले. भरिताची पंगत. सगळे म्हणाले, "आबा, तुमच्याकडे नाही यायचं तर कुठे? येणारच!" आबा परत आले ते दहा वर्षांनी लहान होऊन.

आणि दोन दिवसांनी पेपरात आलं. त्याच संध्याकाळी मुंबईचं एक गाजलेलं नाटक कलाभवनात. सगळा गाव तिकिटासाठी उलटला. मी म्हटलं, "आबा, दिवस बदला."

"तोंडानं देल आवतन बदलते का? येतीन. जेवन काय, घडीभराचं काम."

त्या दिवशी दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी थापून दिल्या. बाकी सगळं आबांचं. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून त्यांनी वांगी भाजली, धुरानं डोळे लाल करून घेतले, लाकडी भांड्यात मिरच्या-लसूण घालून ती एकट्यानं ठेचली. त्या ठेचण्याचा दणका साऱ्या गल्लीत घुमत होता. संध्याकाळी अंगण झाडून त्यांनी केळीची पानं मांडली. लांबलचक ओळ. प्रत्येक पानाशी पाण्याचा पेला. मी नाटकासाठी रेशमी साडी नेसून आले होते. पहिल्या रांगेचा पास पर्समध्ये होता. तोंड दाखवावं, दोन घास खावेत आणि पळावं, असा माझा बेत.

गल्लीतून माणसं जात होती, सगळी मैदानाच्या दिशेनं. चिटणीस सायकलवरूनच ओरडले, "आबा, आज फार धावपळ! येतो हां!" डॉक्टरांच्या गाडीनं नुसता हॉर्न दिला. नाचाच्या बाईंनी फाटकाशी थांबून, "नाटक सुटल्यावर नक्की," म्हटलं. आबा प्रत्येकाला हात जोडत होते. "हो, हो. होऊ द्या तुमचं. पानं मांडेल हायेत."

मैदानापलीकडून नाटकाची पहिली घंटा झाली. आबांनी भरितावरचं झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. दुसरी घंटा झाली. गल्ली रिकामी झाली. आबा ओळीच्या टोकाशी उभे राहून पानांकडे पाहत होते. त्या दालनातल्या म्हाताऱ्या बाईसारखे. "तू बसून घे, बाई," ते म्हणाले, "तुले उशीर होईन."

मी पहिल्या पानावर बसले. त्यांनी वाढलं. भरीत असं उतरलं होतं की काय सांगू! पण माझं लक्ष पुढच्या रिकाम्या पानांकडे. तिसरी घंटा झाली.

मी उठले. हात धुतले. आबांनी मला फाटकापर्यंत सोडलं. मी बाहेर गेले, गल्लीत जरा उभी राहिले, पर्समधून साध्या काचांचा तो जुना चष्मा काढून नाकावर चढवला, आणि फाटक उघडून पुन्हा आत आले.

"नमस्कार, नमस्कार आबा! किंबहुना जरा उशीरच झाला," मी चिटणिसांसारखं नाकात बोलले. "किंबहुना सभा होती."

आबा पाहत राहिले. अंगणातल्या दिव्याभोवती किडे फिरत होते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"या, या, साहेब," ते म्हणाले. "उशीर कसला? आत्ताच पानं मांडली. बसा."

मी दुसऱ्या पानावर बसले. चिटणीस जेवले, उठले, फाटकाबाहेर गेले. मग पदर डोक्यावर घेऊन तबलजीची बायको आली. तिला आबांनी आग्रह करकरून अर्धी भाकरी जास्त घातली. मग डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी आबांचे डोळे तपासले आणि "धूर कमी करा" असं बजावलं. "तुमच्या त्या परिषदीत लई मजा आली, डॉक्टरसाहेब," आबा वाढता वाढता म्हणाले, "पोटभर जेवा." नाचाच्या बाई आल्या त्या गिरकी घेऊन. पहारेकरी आला तो सलाम ठोकून. प्रत्येक पानावर मी घासभर तरी खाल्लंच. रेशमी साडीची गाठ मध्येच सैल करावी लागली, ते जाऊ द्या. आबा ओळीतून फिरत होते, "भरीत घ्या, लाजू नका, तेल घ्या," म्हणत होते, आणि त्यांच्या बिनडागाच्या सदऱ्यावर भरिताचे ओघळ उतरत होते. त्यांना पत्ता नव्हता.

शेवटचं एक पान राहिलं. मी पुन्हा फाटकाकडे वळणार तोच आबा म्हणाले, "बस्स, बाई. सारे जेवले. आता घरधनी बसीन."

ते पानावर बसले. मी वाढलं. आबा सावकाश, मान खाली घालून जेवले. मध्येच मैदानापलीकडून टाळ्यांचा मोठा कडकडाट आला, लाटेसारखा. आबांचा हात घासाशी थांबला. त्यांनी कान देऊन ऐकलं. डावीकडून, उजवीकडून, मागून, वरून, सगळीकडून येत होता तो.

"गर्दी दिसते आज तिथी," ते म्हणाले.

"हो, आबा. हाऊसफुल आहे."

"मंग बरं," आबांनी घास उचलला. "मंग मी नसलो तरी चालीन."